जुईचा उजवा पाय

एकलहरे
८ सप्टेंबर २०२४

श्री. रहेमान शेख यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी उज्वला गायधनी. इथल्या वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. आलेल्या कोळशात राख किती, ओल किती, हे मोजायचं. तुमचा पत्ता कुत्र्यांचे शो भरवणाऱ्या क्लबच्या जुन्या वहीत सापडला. त्याखालच्या नंबरवर फोन केला तर तुमच्या मिसेस बोलल्या. घशाच्या ऑपरेशननंतर तुमचा आवाज गेला, पण पत्र टाकलंत तर उत्तर नक्की येईल, असं म्हणाल्या. म्हणून हे पत्र.

माझ्याकडे जुई नावाची दोन वर्षांची जर्मन शेफर्ड आहे. गंगापूर रोडचे शेखर निकम यांच्याकडून घेतली. देताना त्यांची अट होती की डिसेंबरच्या शोमध्ये हिला उतरवायचं आणि नंतर पहिली पिल्लं त्यांच्या केनेलमध्ये होऊ द्यायची. त्यांच्या हॉलमध्ये २००६ सालचा मोठा फोटो आहे. त्यांच्या वडिलांचा सुलतान, आणि त्याच्या मागे गुडघ्यावर बसलेले तुम्ही. सुलतान हा जुईचा पणजोबा. कुत्रं इतकं सुंदर उभं राहिलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

कुत्र्याला नुसतं उभं करण्यात शिकायचं काय, असं आमचे मिस्टर महेश विचारतात. मीही आधी हेच म्हणाले असते. पण गेला महिनाभर प्रयत्न करतेय आणि जमत नाहीये. मला जुईला त्या फोटोतल्यासारखं उभं करायचंय. शिकवाल का?

आपली,
उज्वला गायधनी

*

इगतपुरी
१९ सप्टेंबर २०२४

उज्वलाताई,

पत्र मिळालं. इथे जून महिन्यापासून दोरीवरचे कपडे वाळलेले नाहीत, त्यात तुमचं पाकीट मात्र कोरडं आलं, याचं आमच्या मिसेसना, हुस्नबानोला, कौतुक वाटलं. मी रेल्वेच्या लोको शेडमध्ये होतो. कुत्री उभी करणं हा रविवारचा उद्योग. अठ्ठावीस वर्षं केला. आता घरात कुत्रं नाही. पाटीवर लिहून बोलतो, त्यामुळे भांडणं मात्र कमी झाली.

तुमच्या मिस्टरांना सांगा, प्रत्येक जात वेगळी उभी राहते, कारण प्रत्येकीचं काम वेगळं. लॅब्रॅडॉरला शक्यतो हात लावायचा नाही. त्याच्या समोर उभं राहायचं, मुठीत बिस्किट धरायचं. चारही पाय आपोआप चौकोनात येतात आणि शेपूट पाठीच्या रेषेत सरळ मागे जाते. डोबरमन ताठ पाहिजे, मागचे पाय घोट्याखाली ओळंब्यात, मान वर. ग्रेट डेनचे पुढचे पाय वाकडे पडले तर छातीखाली हात घालून जरा उचलायचा आणि सोडायचा, पाय सरळ पडतात. बीगलच्या शेपटीचं टोक चिमटीत वर धरतात. पग, डॅशहुंड टेबलावर ठेवतात, जजला वाकायला लागू नये म्हणून. आपल्याकडच्या कारवान कुत्र्याला मात्र मांडायला जाऊ नये. त्याला परक्याचा हात खपत नाही. दोरी सैल सोडायची, लांब नजर टाकून तो जसा उभा राहील तीच त्याची पोझ.

आधी ही सगळी कुत्री बघून घ्या.

रहेमान

*

एकलहरे
२९ सप्टेंबर २०२४

रहेमानचाचा,

तुम्हाला चाचा म्हटलं तर चालेल ना?

कॉलनीतल्या दोन लॅब्रॅडॉरांवर प्रयोग केला. अगदी तुम्ही लिहिलंत तसंच झालं. नाशिकरोडला एकांचा बीगल आहे, त्याचीही शेपूट धरून पाहिली. मालक हसले, पण बीगल खरोखर रुबाबदार दिसला.

पण चाचा, तुम्ही सात जातींबद्दल लिहिलंत आणि जर्मन शेफर्डबद्दल एक ओळही नाही. मी पत्र दोनदा वाचलं, पाठीमागेही पाहिलं. विसरलात का? शोला अडीच महिने उरलेत.

मला याचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. बावीस वर्षं मी कोळसा मोजते. रिपोर्ट बरोबर असला की त्याकडे कोणी बघत नाही, चुकला की सगळे बघतात. बरोबर केलेलं काम चार माणसांनी उभं राहून बघावं, असं एकदा तरी घडावं, इतकंच.

तुमची,
उज्वला

*

इगतपुरी
९ ऑक्टोबर २०२४

उज्वलाताई,

विसरलो नव्हतो.

जर्मन शेफर्ड असा उभा करतात. पुढचे दोन्ही पाय खांद्याखाली सरळ. रिंगमध्ये कुत्र्याची डावी बाजू जजकडे असते आणि आपण उजव्या बाजूला. जजकडचा, म्हणजे डावा मागचा पाय मागे न्यायचा. घोट्याखालचा भाग जमिनीला काटकोनात. उजवा मागचा पाय पोटाखाली पुढे घ्यायचा. असं केलं की मानेपासून शेपटीपर्यंत पाठ उताराची दिसते आणि कुत्रं आता धावत सुटेल असं वाटतं. शेफर्डचं सगळं सौंदर्य ह्या एका उतारात आहे आणि सगळं वजन त्या पोटाखालच्या पायावर आहे.

पण हे इतक्यात करू नका. आधी जुईला हात न लावता वीस मिनिटं उभी राहू द्या. कोणता पाय किती वेळा हलवते ते मोजा. मोजण्याचं काम तुम्हाला नवीन नाही. आकडे मला लिहा.

रहेमान

*

एकलहरे
२० ऑक्टोबर २०२४

रहेमानचाचा,

तीन दिवस, रोज सकाळी वीस मिनिटं मोजलं. सरासरी देते. पुढचे पाय, एकेकदा. डावा मागचा, दोनदा. उजवा मागचा, चौदा वेळा.

उजवा पाय पोटाखाली ठेवला की काढून घेते. चंचल आहे, दुसरं काही नाही. बाकी खाणंपिणं उत्तम. जिना तर अशी चढते की बघत राहावं. मागचे दोन्ही पाय एकदम उचलून, सशासारखी. महेश तिला 'ससुली' म्हणतात.

आता पुढचं शिकवा.

उज्वला

*

इगतपुरी
२७ ऑक्टोबर २०२४

उज्वलाताई,

पुढचं शिकवण्याआधी एक करा. नाशिकमध्ये चांगल्या पशुवैद्याकडे नेऊन जुईच्या खुब्यांचा एक्स-रे काढा. गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागतं, त्याला घाबरू नका. तोवर जिने कमी करा.

रहेमान

*

एकलहरे
२४ नोव्हेंबर २०२४

श्री. रहेमान शेख यांस,

उत्तराला उशीर झाला. कामात होते.

एक्स-रेचं शोनंतर पाहू. शेखरभाऊंना तुमचं पत्र दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, म्हाताऱ्याला त्याच्या सुलतानच्या बरोबरीचं दुसरं कुत्रं नकोय. जुई एकदम फिट आहे." तुमच्याबद्दल मला तसं वाटत नाही, पण तुम्ही शिकवायला का तयार नाही, हेही मला कळलेलं नाही.

आता जुई उभी राहते. युक्ती माझी मलाच सापडली. उजव्या मांडीखाली माझा डावा तळहात ठेवला की ती पाय हलवत नाही. जज पलीकडच्या बाजूला असल्यामुळे हात दिसतही नाही. पंधरा डिसेंबरला शो आहे.

उज्वला गायधनी

*

इगतपुरी
३० नोव्हेंबर २०२४

उज्वलाताई,

तो हात काढा. त्या फोटोसारखं तिला उभं करू नका. मी कारण लिहायला बसलो आणि तीन कागद फाडले. कारण विचारू नका, पण एवढं ऐका.

रहेमान

*

एकलहरे
१७ डिसेंबर २०२४

रहेमानचाचा,

आधी एक कबुली. मागच्या पत्रात एक्स-रे शोनंतर पाहू असं लिहिलं, ते खोटं होतं. एक्स-रे बारा नोव्हेंबरलाच काढला होता. महेशलाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून दाखवली. उजव्या खुब्याची खोबण उथळ आहे, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही. डाव्या बाजूलाही थोडं तसंच आहे. ते म्हणाले, "आत्ता ती सहन करतेय. हिची पिल्लं होऊ देऊ नका, हे पुढे जातं." मी फिल्म पाकिटात घातली आणि पाकीट कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलं. आयुष्यभर रिपोर्ट लिहिणारी बाई मी. पण तो रिपोर्ट मी दाबला.

रविवारी शोला गेले. पहाटे तिला आंघोळ घातली, ब्रश केलं. जज चेन्नईच्या एक बाई होत्या, पांढरे केस, पायात कापडी बूट. आमच्या गटात नऊ कुत्र्या. दोन फेऱ्या धावून झाल्या. धावताना काही दिसलं नाही. जुई धावते चांगली. मग सगळ्यांनी उभं करायचं. मी डावा पाय मागे नेला, उजवा पोटाखाली घेतला आणि मांडीखाली तळहात दिला. पाठीचा उतार असा आला, चाचा, की दोरीपलीकडचे लोक पुढे सरकून बघायला लागले. शेखरभाऊ हळूच म्हणाले, "बास, अशीच. हलू नका."

नवातून तीन उरल्या. त्यांत आम्ही. जजबाई तिघींसमोरून सावकाश पुन्हा फिरू लागल्या. पहिल्या कुत्रीपाशी बराच वेळ थांबल्या. ऊन चढलं होतं. जुईने हळूहळू वजन सोडलं. आधी थोडं, मग जास्त, मग सगळंच. ती पायावर उभी नव्हतीच. माझ्या हातावर बसली होती. जुईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती तिच्या नजरेत. मी धरलंय म्हणजे सगळं ठीक आहे, असं तिला वाटत होतं.

मी हात काढून घेतला.

तिने लगेच उजवा पाय बाहेर घेतला, तिरका टेकवला, पाठ वाकडी झाली. जजबाई आल्या. इंग्रजीत म्हणाल्या, पुन्हा नीट उभी करा. मी म्हटलं, "मॅडम, ही अशीच उभी राहते. हिचा खुबा खराब आहे. मला माहीत होतं." त्यांनी माझ्याकडे आणि मग जुईकडे पाहिलं. खाली वाकून जुईच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हिला सावलीत न्या."

एवढंच झालं. शेखरभाऊ गाडीपर्यंत मागे आले. "मॅडम, माझं नाव धुळीला मिळवलंत. वीस वर्षांची लाइन आहे माझी." मी म्हटलं, पिल्लं होणार नाहीत. ते म्हणाले, मग आपला संबंध संपला.

तुम्ही एक्स-रे काढायला सांगितलंत तेव्हा तुम्हाला फक्त चौदा हा आकडा आणि तिची जिना चढण्याची तऱ्हा माहीत होती. एवढ्यावरून कसं ओळखलंत? आणि फोटोसारखं उभं करू नका असं का लिहिलंत? आता मला कारण हवंय.

उज्वला

*

इगतपुरी
२६ डिसेंबर २०२४

उज्वला बेटा,

हुस्नबानोने तुझं पत्र वाचलं आणि पाटी उचलून माझ्यासमोर कागद ठेवला. म्हणाली, "अब लिखो. मला नको, तिला लिहा."

तो फोटो आता मनात आण. माझा उजवा हात सुलतानच्या गळ्यापाशी दिसतो. डावा दिसत नाही. तो त्याच्या उजव्या मांडीखाली आहे.

सुलतान दीड वर्षाचा होता तेव्हा मी त्याला उभं करायला लागलो. चौथ्या दिवशी पाय काढून घेणं लक्षात आलं. मी शेखरच्या वडिलांना सांगितलं. त्यांनी त्याला मुंबईला नेलं, एक्स-रे काढला आणि परत आल्यावर म्हणाले, "शेख, डॉक्टर काहीही म्हणोत. तुमच्या हातात जादू आहे, बघा काय करता येतं ते." त्यांनी मला फसवलं नाही. धमकावलंही नाही. कौतुक केलं फक्त, आणि मला तेवढं पुरलं. शेडमध्ये मी दिवसभर इंजिनाखाली असायचो. रविवारी लोक माझ्याकडे बघायचे. तू लिहिलंस ना, चार माणसांनी उभं राहून बघावं? ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं होतं.

सुलतान जिंकला. माझ्या हातात त्याचं किती वजन होतं ते मला आजही सांगता येईल. नंतर चार वर्षं त्याच्याकडे लांबलांबून कुत्र्या आणल्या. नाशिक, सिन्नर, मालेगाव, पार नगरपर्यंत पिल्लं गेली. सात वर्षांचा असताना सुलतान उठेनासा झाला. शेखरच्या वडिलांनी मला बोलावलं नाही. मीही गेलो नाही. त्यानंतर मी शेफर्ड उभा केला नाही. बाकी जाती केल्या. लोक विचारायचे, मी विषय बदलायचो. तुझ्या पहिल्या पत्रालाही तेच केलं.

जुईचा खुबा तिला माझ्यामुळे मिळाला, असं डॉक्टर म्हणणार नाहीत. मी म्हणतो. शोआधी हे लिहिलं असतं तर तू रिंगमध्ये गेलीच नसतीस. धीर झाला नाही. रिंगमध्ये हात काढून घेणं मला अठरा वर्षांपूर्वी जमलं नव्हतं, तुला जमलं.

माफी मागायची तर जुईची मागायला हवी, आणि ते कसं करतात मला माहीत नाही.

रहेमान

*

एकलहरे
९ फेब्रुवारी २०२५

रहेमानचाचा,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. दीड महिना नाही दिलं. राग होता. आजही आहे. सप्टेंबरातच हे लिहिलं असतंत तर जुईच्या उजव्या पायाला मी रोज तासतासभर पोटाखाली कोंबलं नसतं. तेवढं एक मला माफ करता येत नाही, तुमचंही आणि माझंही.

जुईचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं. टाके निघाले. डॉक्टरांनी वजन कमी ठेवायला आणि पाण्यात चालवायला सांगितलंय. महेश तिला रोज घेऊन जातात. आमच्या घरात आता जिन्याच्या तोंडाशी फळी लावलीय.

पण राग धरून बसल्याने मालेगावातल्या कुत्र्यांचे खुबे बरे होणार नाहीत. क्लबच्या नोंदी मी तीन रविवार बसून उतरवून घेतल्या. सुलतानच्या वंशातली, आज जिवंत असलेली आणि पिल्लं होण्याच्या वयाची कुत्री एकोणीस जणांकडे सापडली, त्यांत शेखरभाऊही. मालकांची नावं, पत्ते सोबत जोडलेत. पत्रं तुम्ही लिहा. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीने. एक्स-रेची छायाप्रत मी लावते आणि पोस्टात मी टाकते.

उज्वला

*

इगतपुरी
२० फेब्रुवारी २०२५

उज्वला बेटा,

एकोणीस पत्रं सोबत पाठवतोय. प्रत्येक वेगळं लिहिलंय, छापल्यासारखं वाटू नये म्हणून. काय घडलं, माझ्या हातून काय झालं आणि एक्स-रे काढून घ्या, एवढंच आहे त्यात. शेखरच्या वडिलांचं नाव कुठेही घातलं नाही. ते गेले. त्यांना आता उत्तर देता येणार नाही, मला येतं.

विसावं म्हणावं असं एक पत्र मी क्लबला जानेवारीतच टाकलं होतं. सुलतानचा किताब काढून घ्या म्हणून. सेक्रेटरींचं उत्तर चार ओळींचं आलं. कुत्र्याचे दोष झाकून गुण दाखवणं हे हँडलरचं कौशल्यच असतं, त्याविरुद्ध नियम नाही, आणि आपल्या दीर्घ सेवेबद्दल क्लब आभारी आहे. हुस्नबानो म्हणाली, शिक्षा हवी होती आणि शाल मिळाली.

रहेमान

*

एकलहरे
३० मार्च २०२५

रहेमानचाचा,

एकोणीस पत्रांना आजवर सहा उत्तरं आली. सिन्नरच्या अंजली वाजे यांनी एक्स-रे काढला, दोष निघाला, पिल्लांसाठी एप्रिलमध्ये ठरलेला मेळ रद्द केला. मालेगावचे हुजैफा अन्सारी यांच्या कुत्र्याचे खुबे स्वच्छ आहेत. त्यांनी तुम्हाला सलाम कळवलाय. एकांनी फोनवर मला पंधरा मिनिटं शिव्या दिल्या. दोघांनी नुसतं 'पत्र मिळालं' असं लिहिलंय. एक पाकीट पत्ता बदलला म्हणून परत आलं, नवा पत्ता शोधतेय.

सहावं उत्तर म्हणजे पत्र नाही. काल शेखरभाऊ स्वतः घरी आले. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. चहा घेतला नाही. जुई जवळ गेली, तर त्यांनी तिच्या पाठीवरून खुब्यापर्यंत हात फिरवला. मग म्हणाले, केनेलमधल्या चारही कुत्र्यांचे एक्स-रे काढले. किती खराब निघाले ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. हॉलमधला फोटो उतरवून ठेवलाय म्हणाले.

जाताना दारात थांबले. "मॅडम, चाचांचा पत्ता द्या. मला त्यांना एकच विचारायचंय. वडिलांना हे माहीत होतं का?"

मला उत्तर माहीत होतं, चाचा. शेखरभाऊ माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी आत जाऊन पत्ता लिहून आणला आणि हातात दिला. ते तुमच्याकडूनच कळायला हवं.

पुढच्या रविवारी, सहा तारखेला, सकाळच्या गाडीने ते इगतपुरीला येताहेत. हे पत्र त्यांच्या आधी पोचावं म्हणून उद्या सकाळी नाशिकरोडला जाऊन स्पीड पोस्टने टाकते.

उज्वला